सोयाबीनच्या वावरात भाजी कुठून येणार?

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या उघडल्या की अलीकडे एक उपदेश हमखास वाचायला मिळतो. ज्या ऋतूत जे पिकते ते खा, आपल्या भागात पिकते ते खा, परमुलखातून ट्रकमध्ये बसून आलेले टाळा. सोबत एखाद्या आहारतज्ज्ञ बाईंचा फोटो, पितळी ताटात ज्वारीची भाकर आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. हा उपदेश खरा आहे, हे मी आधीच कबूल करतो. माझे भांडण तो कोणाच्या तोंडून येतो आणि कोणाला केला जातो, याच्याशी आहे. ज्या अन्नाला काल-परवापर्यंत महारवाड्याचे जेवण म्हणून नाक मुरडले जात होते, ते आज पितळी ताटात जाऊन बसले आहे आणि आम्हालाच नव्याने शिकवले जात आहे. ज्यांच्या चुलीवर ते रोज शिजत होते, त्यांच्या चुलीवरून मात्र ते उठले आहे. कसे उठले, कोणी उठवले आणि परत कसे आणता येईल, हा प्रश्न आपण पुरवणीवाल्यांवर सोडून चालणार नाही. तो चळवळीने हातात घेण्याचा आहे.

माझे बालपण वाशीम तालुक्यातील एका खेड्यात गेले. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यातून वेगळा झाला. घरी गुंठाभर जमीन नाही, माय-बाप दोघेही रोजंदार. माय निंदणाला जायची. पावसाळा लागला की ज्वारी, पऱ्हाटी, उडीद-मुगाच्या वावरात निंदण चाले आणि सांजेला परतताना तिच्या ओट्यात काहीतरी असायचेच. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांत तरोट्याची कोवळी पाने. मग केना, कुंजर, घोळ, तांदूळजा. श्रावणाच्या सुमारास धुऱ्यावरच्या कुपाटीवर कटुल्याचे वेल लागत. भादव्यात अंबाडी आणि चवळीच्या शेंगा. मालकाच्या लेखी यातले निम्मे तण होते, उपटून फेकायची वस्तू. मायच्या लेखी ती भाजी होती. एकाच कामाचे दोन मोबदले तिला मिळत. एक मालक देई, दुसरा जमीन देई. मालकाचा मोबदला बहुतेक वेळा अपुरा आणि उशिराचा. जमिनीने कधी उधारी ठेवली नाही.

हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडायला बाया लागत. शेंडा खुडला की झाडाला फांद्या फुटतात, तो मालकाचा फायदा. खुडलेला पाला बाईचा. त्याच दिवसांत करडईची कोवळी भाजी, तुरीचे सोले, हुरडा, बांधावरची बोरे. उन्हाळ्यात शेवग्याच्या शेंगा, चिवळ, वाळूक, कैरी. नदीनाल्याचे पाणी आटून डोहात आले की मासे आणि झिंगे. जे उरेल ते छपरावर वाळत घालायचे, कारण पुढे आषाढात काहीच नसायचे. बाई स्वतःच्या किंवा मक्त्याच्या तुकड्यात पेरत असेल तर मुख्य पिकाच्या ओळींमध्ये घरच्या खाण्यासाठी दोन-चार तासे अंबाडी, चवळी, भेंडी, तीळ यांची टाकायची. याला आमच्या भागात इरवा म्हणतात. इरव्याचा हिशेब पुरुषाला द्यावा लागत नसे, असे माय सांगते. ही लहानशी गोष्ट मला मोठी वाटते.

हे लिहिताना मी जुन्या दिवसांचे गोडवे गात नाही. त्या दिवसांत भूक होती. १९७२ च्या दुष्काळात माय लहान मुलगी होती. दुष्काळी कामावर ती गिट्टी फोडायला जात असे आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खात असे. त्या भाकरीची चव तिला अजून आठवते आणि त्या आठवणीने ती अजून तोंड वाकडे करते. त्या वर्षी तरोटाही लवकर संपला होता, कारण सगळे गावच तो खुडत होते. म्हणजे रानभाजी हा गरिबाचा शेवटचा आधार होता, छंद नव्हता. एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

आता या अन्नात गुण काय होते ते पाहू. आपल्या बायांच्या अंगात रक्त कमी, ही तक्रार प्रत्येक आरोग्य शिबिरात ऐकू येते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणापेक्षा हे दोन्ही आकडे वाढले. पालेभाजीत लोह असते, पण वनस्पतीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. सोबत क जीवनसत्त्व असले तर घेते. क जीवनसत्त्व बोरात असते, आवळ्यात असते, कैरीत असते, लिंबात असते. भाजी खुडून दोन-चार दिवस पडून राहिली की ते झपाट्याने कमी होते. वावरातून ओट्यात आणि ओट्यातून तव्यावर आलेल्या भाजीची बरोबरी तिसऱ्या जिल्ह्यातून आलेली, बाजारात पाणी मारून ताजी दाखवलेली मेथी करू शकत नाही. ज्वारीत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा तंतू कितीतरी जास्त असतो. मधुमेह आता आपल्या वस्त्यांतही घरोघर शिरला आहे, त्या दृष्टीने याला महत्त्व आहे. शिवाय हंगामाचा माल स्वस्त असतो. पौषात वांगी ढिगाने येतात तेव्हा ती खावीत. ज्येष्ठात टोमॅटोच्या मागे लागून दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा घालवू नये.

सगळ्यात मोठा गुण म्हणजे बदल. ऋतूबरोबर ताट बदलत असे. पावसाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरे, उन्हाळ्यात तिसरे. वर्षभरात पंचवीस-तीस प्रकारची पाने, शेंगा, फळे, दाणे पोटात जात. आज बारा महिने बटाटा, फुलकोबी, टोमॅटो आणि सोयाबीनचे तेल.

सोयाबीनचे तेल म्हटले आणि मुद्द्यावर आलो. वाशीम जिल्ह्यात खरिपात कोणत्याही रस्त्याने जा, मालेगाव असो की रिसोड, मंगरूळपीर असो की मानोरा, दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर सोयाबीन. मी पाचवी-सहावीत होतो तेव्हा हे पीक आमच्या गावात नवलाईचे होते. दहा-पंधरा वर्षांत त्याने ज्वारी हुसकून लावली. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत हाती पैसा येतो. खरीप ज्वारी कणसात असताना पाऊस लागला तर दाणा काळा पडतो, भाव जातो. रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवतात. ज्वारीला बाजारात वर्षानुवर्षे कोणी विचारत नव्हते. अशा वेळी त्याने सोयाबीन पेरले यात नवल काय?

पण सोयाबीन हे असे पीक आहे की ते वावरात उभे असताना आपल्याकडचे माणूस त्यातले काहीच तोंडात टाकत नाही. शेंडा खुडून भाजी होत नाही, हुरडा होत नाही, भाकर होत नाही. वाशीम आणि कारंजा या मोठ्या बाजार समित्यांत ते जाते, तिथून कारखान्यात. तेल निघते, पेंड कोंबड्यांना आणि परदेशी जाते. तेल मात्र परत येते. ज्या बाईने ते सोंगले, तिच्याच घरी दुकानातून पुडीने येते. पूर्वी गावच्या घाण्यावर करडई-जवसाचे तेल निघत असे. त्या घाण्याच्या जागी आता मोबाइल रिचार्जचे दुकान आहे.

सोयाबीनबरोबर तणनाशक आले. निंदणाला बाया लावण्यापेक्षा फवारणी स्वस्त पडते. एका फवारणीत केना, कुंजर, घोळ, तांदूळजा, तरोटा सगळे जळते. त्याबरोबर निंदणाची मजुरीही जळते. म्हणजे मायला मिळणारे दोन्ही मोबदले एकदमच गेले. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. पीक विम्याच्या अर्जात त्याला रकाना नाही. गावातल्या कोणत्या कुटुंबाचे सर्वात जास्त नुकसान झाले असे विचाराल, तर ज्याचे वावरच नव्हते त्याचे. वाचकांनी यावर विचार करावा.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने वाशीमला आकांक्षित जिल्हा ठरवले. महाराष्ट्रातल्या अशा चार जिल्ह्यांत आपला नंबर लागला. या कार्यक्रमाच्या गुणतक्त्यात आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन आहे. बैठका होतात, सादरीकरणे होतात. त्यात कुपोषणाचा आलेख असतो. तणनाशकाचा नसतो.

आता थोडे आपल्याकडे वळू. दुसऱ्यांना चार शब्द सुनावणे सोपे असते. भाकर म्हणजे गरिबी आणि पोळी म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण आपल्या समाजात खोलवर बसले आहे. त्याचे कारण मला समजते. भाकर ही नुसती भाकर नव्हती, तिच्यासोबत शिळेपणा होता, मागून आणण्याची लाज होती, खळ्यावर मालकाच्या मर्जीने मिळणारे सुपभर दाणे होते. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले ते याच लाचारीतून बाहेर काढण्यासाठी. अन्न बदलणे हा आपल्या मुक्तीचाच एक भाग होता. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांग समाजाची खाद्यसंस्कृती लिहून काढली, तेव्हा आपल्यातल्याच अनेकांना अवघडल्यासारखे झाले. आपण काय खात होतो हे लोकांना कशाला सांगायचे, असा सूर निघाला. मला मात्र ते पुस्तक आवश्यक वाटते. स्थानिक अन्न म्हणून जे काही आज मिरवले जाते त्यात आपले मासे, झिंगे, सुके मांस कुठेच नसते. कोणते अन्न स्थानिक आणि कोणते अपवित्र, हेही पुन्हा तेच ठरवणार. १९९५ च्या दुरुस्ती कायद्याला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईपाठोपाठ बैल आणि वळूच्या कत्तलीवरही महाराष्ट्रात बंदी आली. गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन गेले. त्याबद्दल एकही आहारतज्ज्ञ बाई पुरवणीत लिहीत नाही.

पण लाज सोडताना आपण गुणही सोडला, हे मान्य करायला हवे. मागे एका विहारात आषाढ पौर्णिमेला वर्षावासाच्या प्रारंभाचा कार्यक्रम होता. भिक्खू संघाला भोजनदान होते. पनीर, फुलकोबी, गुलाबजाम, सगळे शहरातून मागवलेले. विहाराच्या कुंपणालगत गुडघाभर तरोटा माजला होता. एक म्हातारी हळूच म्हणाली, ‘‘एवढा कवळा तरोटा हाये, पण भंतेजीले कसा वाढावा बापा, लोक हासतीन.’’ भंतेजी स्वतः खेड्यातले. त्यांनी ऐकले आणि हसून म्हणाले, उद्या करा, मी येतो. दुसऱ्या दिवशी काय झाले ते मला माहीत नाही. मी वाशीमला परतलो होतो.

आळवीच्या भुकेल्या शेतकऱ्याची कथा आपल्या उपासकांना ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधत दिवसभर फिरलेला तो गरीब माणूस उपाशीच प्रवचनाला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंना ते विचित्र वाटले. अडीच हजार वर्षांनंतर आपल्या धम्म परिषदांत आहारावर एकही सत्र नसते, हे मला तितकेच विचित्र वाटते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘गावातलेच खा, गावातच पिकवा’ ही भाषा आपल्या कानाला गोड लागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याला स्थानिक कोतेपणाचे डबके आणि अज्ञान, संकुचितपणा व जातीयवाद यांचे घर म्हटले होते. स्वयंपूर्ण खेड्याच्या स्वप्नात आपली जागा वेशीबाहेर होती आणि खळ्यावर हात पसरण्याची होती. म्हणून स्थानिक या शब्दाच्या मागे कोणी बलुतेदारीचे खेडे परत आणू पाहत असेल, तर आपण त्याच्या विरोधातच उभे राहू. परंतु बाबासाहेबांनी खेडे नाकारले म्हणजे जमीन नाकारली असे नव्हे. १९१८ मध्येच त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, कोणी जमीनदार नको, कूळ नको आणि भूमिहीन मजूरही नको, अशी मांडणी त्यांनी केली. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले ते याच विचाराने. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी त्या तुरुंगवासाच्या आठवणी अजून निघतात.

म्हणून हंगामी अन्नाचा प्रश्न मला आवडीनिवडीचा वाटत नाही, मला तो कायद्याच्या पुस्तकात दिसतो. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात अन्नधान्य म्हणजे तांदूळ, गहू आणि भरडधान्य, असे तिन्ही आहे. पहिल्या अनुसूचीत भाव होते ते तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पण वर्षानुवर्षे रेशनच्या पिशवीत आले ते प्रामुख्याने गहू-तांदूळ. त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये वस्तूंमध्ये विविधता आणणे आणि स्थानिक वितरण व्यवस्थेला व धान्य बँकांना पाठबळ देणे, असे स्वच्छ लिहिले आहे. हे कलम किती तहसीलदारांनी वाचले असेल? किती कार्यकर्त्यांनी? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, ज्वारीला ‘श्रीअन्न’ असे सोवळे नाव मिळाले आणि त्याबरोबर तिचा भाव चढला. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये, तर गव्हाचा २,४२५ रुपये. शेतकऱ्याला जास्त मिळावे, याला माझा पाठिंबाच आहे. पण ज्वारी विकत घेऊन खाणाऱ्या मजुराने मग गव्हाकडेच वळायचे. सरकारने हमीभावाने जिल्ह्यातली ज्वारी जिल्ह्यातच खरेदी करावी आणि जिल्ह्यातल्याच रेशन दुकानात द्यावी, ही मागणी आपल्या निवेदनांत कधी दिसत नाही. आपली निवेदने पुतळा, सभागृह आणि शिष्यवृत्ती यांच्या पुढे जात नाहीत. शिष्यवृत्तीबद्दल मी तक्रार करत नाही, मी तिच्यावरच शिकलो.

अंगणवाडी आणि शाळेचेही तसेच. अन्न हक्काच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळेत शिजवलेले जेवण द्यायला लावले. २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असे सांगितले. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नको, गावातले महिला मंडळ आणि बचत गट घ्या असे सांगितले. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्याच एका बचत गटाच्या प्रकरणात न्यायालयाने घरी नेण्याच्या आहाराच्या निविदा रद्द केल्या, कारण अटी बड्यांच्या सोयीच्या होत्या. इतके आदेश आपल्या बाजूने असताना किती गावांतल्या आपल्या बायांनी अंगणवाडीला तुरीची डाळ, शेवग्याची पाने, भुईमूग पुरवला? शाळेच्या परसबागेत शेवगा लावायला पैसा लागत नाही. लागतो तो शाळा व्यवस्थापन समितीत बसणारा माणूस. ती निवडणूक आपण लढवतच नाही.

आणि शेवटी जमीन. गेल्या आश्विनात माझ्याकडे एक बाई आल्या. साठीच्या, विधवा. त्यांच्या नवऱ्याने १९८० च्या दशकात गायरानातली दोन एकर पडीक जमीन फोडून वाहितीखाली आणली होती. काढून टाकण्याची नोटीस आली म्हणून त्या आल्या होत्या. मी कागद मागितले. दंडाच्या जुन्या पावत्या निघाल्या आणि गाव नमुना एक-ई मधली नोंद निघाली, नवऱ्याच्या नावाची, १४ एप्रिल १९९० च्या आधीची. सहज विचारले, पेरता काय? म्हणाल्या, ‘‘जवारी, तूर, अंबाडी, चवळी, थोडासा भुईमूग. सोयाबीन कुठून पेरू वकीलसाहेब? नावावर नाही म्हणून ब्यांक कर्ज देत नाही. बियाणं इकत घ्या, फवारा इकत घ्या, आमाले परवडत नाही. घरचं बी हाये ते टाकतो.’’

वाचकहो, मला त्या दिवशी प्रथमच हे लक्षात आले. त्या गावच्या शिवारात ज्याला पुरवणीवाले हंगामी आणि स्थानिक म्हणतात तसे वावर बहुधा हे एकच उरले आहे. ते उरले कारण त्याला सातबारा नाही. सातबारा असता तर कर्ज मिळाले असते, कर्ज मिळाले असते तर सोयाबीन आले असते. बाईंच्या नातवंडांच्या ताटात भाजी आहे ती सरकारी भाषेत अतिक्रमणातली. आणि नोटीस त्याच वावराला आली आहे.

कायदा इथे अगदीच हात वर करत नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरले. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि त्याचा हवाला देऊन १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला. पण त्याच निकालात, शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवादही लिहिला आहे. नोटीस काढणारे निकालाचा पहिला भाग वाचतात. हा अपवाद वाचून दाखवायला वकील लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेल्या याचिकेत गायराने मोकळी करण्याचे आदेश झाले आणि राज्यभर गरिबांच्या दारावर नोटिसा लागल्या. त्याच वर्षी आपल्या वाशीमजवळच्या ३७ एकर गायरानाचे काय झाले, हेही वाचकांना आठवत असेल. जून २०२२ मध्ये तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांनी ती जमीन एका व्यक्तीच्या नावे नियमित करण्याचा आदेश दिला. नागपूर खंडपीठाने त्याला स्थगिती दिली आणि डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्यावरून गदारोळ झाला. एकाला ३७ एकर आणि दुसरीला दोन एकरांची नोटीस. कायद्याचे पुस्तक दोघांना एकच आहे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनाही आहे, २००४ पासून. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. योजना चांगली, पण सरकारच्या दरात जमीन विकणारा सापडत नाही. समृद्धी महामार्ग कारंजा-मंगरूळपीर-मालेगाव तालुक्यांतून गेला आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव सरकारी दराच्या आवाक्याबाहेर गेले. त्या महामार्गावरून भाजीचे ट्रक मुंबईकडे कमी तासांत पोहोचतात. आमच्या आठवडी बाजारात मात्र बटाट्याचे पोते आजही परराज्यातूनच उतरते.

बाईंच्या प्रकरणात तहसीलदारांपुढे उत्तर दाखल केले आहे. पावत्या, एक-ई ची प्रत आणि १९९१ चा शासन निर्णय जोडला आहे. जाताना बाईंनी पिशवीतून अंबाडीची जुडी काढून टेबलावर ठेवली. मी फीचे काही बोललो नव्हतो. आमच्या सौभाग्यवतींनी त्या रात्री ज्वारीच्या कण्या घालून भाजी केली आणि आमच्या लेकाने, जो इंग्रजी शाळेत आठवीत आहे, ताटाकडे पाहून विचारले की हे काय आहे. त्याला समजावून सांगता सांगता माझे जेवण थंड झाले.

पुढची तारीख पौषातली मिळाली. बाईंना फोनवर कळवले, तर म्हणाल्या, ‘‘तवा तर तुरी सोंगाच्या राह्यतात. थोडी मांगं घ्या ना वकीलसाहेब.’’ तारीख पुढे ढकलण्याचा अर्ज मी सोमवारी देणार आहे.